सगळ्यात परका माणूस

"ज्या माणसाबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही असं वाटतं, तो शोधा आणि त्याच्याशी बोला," बाई म्हणाल्या आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. बहुसांस्कृतिकता आणि विविधता या प्रमाणपत्राचा तो संध्याकाळचा वर्ग, वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. निम्मे गुण या एकाच कामाला होते.

पोरापोरींनी पटापट जोड्या लावल्या. पहिल्या बाकावरच्या सिस्टर तेवढ्या उरल्या. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. नाव नोंदवतानाच त्यांनी बाईंना सांगून टाकलं होतं की, हा अभ्यासक्रम संपला की त्या कायमच्या बहिणीकडे राहायला जाणार. घरी नवरा आहे, पण दूध आलं का आणि बिल भरलं का, यापलीकडे बोलणं नाही. भांडण म्हणावं तर तेही नाही.

"भांडायलाही समोर माणूस लागतो, बाई."

शेवटच्या बाकावरून मिस्त्री उठले. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. सिस्टरच्या मागून काही दिवसांनी त्यांनी नाव घातलं होतं आणि अजून कुणाशी धड बोलले नव्हते. ते अवघडून बाकाशी उभे राहिले.

"मी बसू का इथे?"

सिस्टरनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून त्यांना आपल्या डाव्या हाताला जागा करून दिली. मिस्त्रींना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.

सुरुवातीला सिस्टर विचारलं तेवढंच सांगायच्या. एकदा मिस्त्रींनी विचारलं, स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात. त्या थबकल्या. माहेर डोंगरातलं, बोली वेगळी. सासरी तोंड उघडलं की सगळे हसायचे, म्हणून कानाला खडा लावला. आई गेल्यावर तर बोलायला कुणी उरलंच नाही.

मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाण्याला काय म्हणतात तुमच्यात?"

सिस्टरनी सांगितलं. मिस्त्रींनी ते भलतंच उच्चारलं आणि सिस्टर खळखळून हसल्या. त्यांना हसताना वर्गानं पहिल्यांदाच पाहिलं.

पाण्यामागून ऊन आलं, उन्हामागून वाट, पाखरं, रुसवा. मिस्त्री शब्द गोळा करत गेले. मधल्या सुट्टीत न विचारता बिनसाखरेचा चहा आणून सिस्टरपुढे ठेवू लागले. काकांचं इंजिन सुरू झालं, असं पोरं म्हणायची. बाईंना गंमत वाटायची आणि थोडी धास्तीही.

शेवटच्या दिवशी मिस्त्री फळ्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी सिस्टरच्या बोलीतली, त्यांच्या आईची अंगाई म्हटली. गळा असा की बाळ झोपायचं सोडून दचकून उठावं, पण शब्द एकही चुकला नाही. सिस्टरनी रुमाल डोळ्यांना लावला, तो काढलाच नाही.

वर्ग सुटल्यावर बाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि बहिणीकडे कधी निघणार ते विचारलं. तो बेत रद्द केला, सिस्टर म्हणाल्या. बाई चपापल्या.

"हे बघा, आयुष्य तुमचं आहे. पण घरी नवरा आहे. त्यांना कळलं तर?"

सिस्टर नुसत्या लाजल्या.

तेवढ्यात जिन्यावरून मिस्त्रींची हाक आली.

"अगं, आटप लवकर. थोरलीचा फोन यायची वेळ झाली. आईबाबा दोघंही घरात नाहीत म्हटल्यावर घाबरेल पोरगी."