उत्तर जमतं का?

तपासनीस साहेबांचं बोट वर्गावरून फिरलं आणि नेमकं बेगाइमपाशी थांबलं.

“तू ये गं, दोन वेण्यांची.”

वर्ग घेणाऱ्या जुमागुलबाईंना वाटलं, नेमकी हीच कशी सापडली!

इथवर सारं सुरळीत चाललं होतं. आज चौथीचा खुला पाठ होता. मागच्या बाकांवर गावातले आईबाप दाटीवाटीनं बसले होते. पुस्तकातली मेंढरांची गणितं मुलांनी फडाफडा सोडवली. साहेब मात्र हसले. “ही तर घोटून घेतलेली दिसतात, बाई. आता घरातल्या दोन माणसांची वयं घेऊन पोरांना स्वतः गणित मांडू द्या की!” साहेब पडले जिल्ह्याचे. त्यांना गावातलं काय माहीत?

गावाला माहीत होतं, पण गाव बोलत नव्हतं. बेगाइम जुमागुलच्याच पोटची. पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही आमच्याकडची जुनी रीत. चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्यानं बाळाला न्हाऊ घातलं आणि सासूनं ते आपल्या मांडीवर घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून बेगाइम सासूला आई म्हणते आणि जुमागुलला वहिनी. पोरीला कधी कळू द्यायचं नाही, असा शब्द सासूनं घेतला होता. एकाच छपराखाली राहून जुमागुलनं तो दहा वर्षं पाळला. आणि ती सासू आत्ता शेवटच्या बाकावर बसली होती, डोक्याला पांढरा रुमाल बांधून.

बेगाइमनं फळ्यावर लिहिलं, ‘माझी आई त्रेसष्ट वर्षांची आहे. मी दहा वर्षांची आहे. मी जन्मले तेव्हा आई किती वर्षांची होती?’ शिकवल्याप्रमाणे तिनं दोन पट्ट्या काढल्या, एक लांब, एक आखूड. वजाबाकी केली. त्रेपन्न.

“त्रेपन्न?” पहिल्या बाकावरचा तिलेक ओरडला. “अरे, आमची म्हातारी घोडीसुद्धा एवढ्या उशिरा व्याली नाही!”

पोरं फिदीफिदी हसली. मोठ्यांपैकी कुणीच हसलं नाही. कुणी टोपी काढून झटकू लागलं, कुणी खिडकीबाहेर बघू लागलं. सासूचा चेहरा पांढराफटक पडला.

“उत्तर बरोबर आहे. बस जागेवर,” जुमागुल घाईघाईनं म्हणाली.

“थांबा, थांबा,” साहेबांनी हात वर केला. “भिंतीवर तुम्हीच चार पायऱ्या लावल्यात ना? वाचा, चित्र काढा, सोडवा. मग चौथी का गाळता?”

चौथी पायरी होती, ‘उत्तर जमतं का, ते विचारा.’ जुमागुलनं ती वर्षभर मुलांच्या डोक्यात ठोकून बसवली होती. आकडेमोड बरोबर आली म्हणून उत्तर खरं होत नाही, पोरांनो. जमत नसेल, तर दिलेल्या माहितीतच काहीतरी खोटं आहे असं समजा. ही अक्कल तिनं आपल्याच लेकीला दिली होती.

“विचारा ना, बाई.”

जुमागुल लेकीकडे वळली. आवाज निघाला तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

“बेगाइम, उत्तर जमतं का?”

पोरगी फळ्याकडे बघत राहिली. तिचं बोट ‘आई’ या शब्दाखाली जाऊन थांबलं. मग तिनं वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. सासूनं मान खाली घातली होती. जुमागुलला वाटलं, आता पायाखालची जमीन दुभंगेल तर बरं.

“जमतं की, बाई!” बेगाइम खणखणीत आवाजात म्हणाली. “आणि तिलेक, माझी आई तुझ्या घोडीपेक्षा दमदार आहे. जरा जपून बोल.”

मागचे बाक खो खो हसले. सासूनं रुमालाच्या टोकानं डोळे टिपले. “शाबास! पोर तयार आहे,” म्हणत साहेबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. वाचलो, असं जुमागुलला वाटलं.

खडू परत द्यायला बेगाइम जवळ आली. शाळेत ती तिला कधी चुकूनही वहिनी म्हणत नसे. आज तिच्या कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

“वहिनी, मी वहीत तुझं वय घालूनही करून पाहिलंय. तेही जमतं.”