दोन नंबरचं व्हर्जन

फाइल सर्व्हर सुरू होताच आपल्याला फाइली देण्या-घेण्याच्या बोलीची कोणकोणती व्हर्जन येतात, ते नेटवर्कवर जाहीर करतो. त्यातलं जुनं, दोन नंबरचं हरिणी आज कर्नेलमधून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातून, काढून टाकणार होती. महिनाभरात एकाच मशीनने ते मागितलं होतं. एवढ्याशासाठी कोण सांभाळत बसणार?

पहाटे ती अर्धवट झोपेत दारात आली, तर निळसर उजेडात पीठ तरंगत होतं. अप्पा उकिडवे बसून तांदळाच्या पिठाचा वाकडातिकडा कोलम, अम्मा रोज काढायची ती रांगोळी, काढत होते. अम्मा गेल्यापासून अंगण कोरंच होतं.

"अप्पा, आता कुणासाठी?"

"मुंग्या येतात की, कण्णा. पीठ शोधून शोधून माघारी जातात. अम्मा गेली, हे त्यांना कोण सांगणार?"

अंबत्तूरच्या ऑफिसात पोचल्यावर हरिणीने आधी विचारलं, "ते एक मशीन कुणाचं आहे?"