भरलेली पिशवी

बाळंतपणाची पिशवी अजून दाराशीच होती. दुपटी, टॉवेल, रिपोर्ट. नर्सबाईंनी सुनेला बजावलं होतं तसं सगळं भरलेलं. सून मात्र रक्तस्रावाने घरातच दगावली. दवाखाना तर हाकेच्या अंतरावर! "मग निघाला का नाहीत?" नर्सबाईंनी सासूला विचारलं. "न्या म्हणायला कोणी नव्हतंच. मुलगा कारखान्यात, फोन गेटवर जमा. तो येईपर्यंत थांबलो." "तुम्ही होतात ना!" सासू गोंधळली. "मी? बाई, मला या घरात कुणी कधी काही विचारलंय?" नर्सबाईंच्या आता लक्षात आलं. आपण बजावलं कुणाला, तर जिच्या हातात काहीच नव्हतं तिला! पुढच्या घरी गरोदर सून कौतुकाने आपली पिशवी दाखवू लागली. "राहू दे, आधी सासूबाईंना बोलाव." सासूबाई हात पुसत आल्या. "घरात पुरुष नसताना हिचं दुखायला लागलं, तर काय कराल?" सासूबाईंनी वळून खाटेवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.