पक्कं काम

लग्नानंतर पहिल्यांदाच जावयानं माझ्याकडे काही मागितलं. डोंगरात फिरवायच्या त्याच्या जीपला मागे जाड लोखंडी बंपर हवा होता आणि त्यावर स्टेपनी टांगायला बिजागरीचा दांडा. वर्कशॉपमधली बाकीची कामं बाजूला सारून मी त्यालाच भिडलो.

दांडा मागच्या दारावर आडवा बसत होता, म्हणून म्हटलं, "याची कडी आतूनही उघडेल अशी करतो. मागे कुणी अडकलं तर?"

"मागे कोण बसतंय, सासरेबुवा? सामानच असतं," तो हसला. "कडी बाहेरूनच ठेवा. आणि सामान पुढे येऊ नये म्हणून सीटमागे जाळी मारा. पक्की."

जीव ओतून केलं. दोघं गाडी न्यायला आले, तेव्हा मी दांड्यावर दणकन लाथ घातली आणि लेकीसमोर छाती फुगवून म्हणालो, "हत्तीनं लाथ घातली तरी हलायचं नाही!" जावई खूश.

आज दुपारी तिचा फोन आला. आवाज दबका, मागे कच्च्या रस्त्यावर आपटणाऱ्या गाडीचा खडखडाट.



"बाबा, तुमचं वेल्डिंग आतून लाथा मारून तुटतं का हो?"