श्रीखंडाची जागा

“एकही फूल नाही!” मायक्रोस्कोपवरून डोकं उचलून हळबेसर आनंदाने ओरडले.

रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीवर कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनाला धरून ठेवणारं रिसेप्टर असलं, की कॉम्प्लिमेंट लावलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी तिच्याभोवती फुलासारख्या जमतात. जगभर जमतात.

“सर, कॉम्प्लिमेंट सीरममध्ये असतं आणि ते दुधापेक्षा नाजूक. तुमच्या साठीच्या श्रीखंडासाठी फ्रीज रिकामा केला, तेव्हा सीरम दोन दिवस टेबलावर पडलं होतं. पुन्हा करून बघू,” मी म्हटलं.

“मुळीच नाही! आपल्या माणसांत हे रिसेप्टरच नसतं. शोध समोर असताना तुला फ्रीज दिसतो? पीएचडी हवीय ना?”

आपली माणसं म्हणजे सर एकटेच. रक्त त्यांचंच होतं.

पेपर छापून आला. शाल-नारळ द्यायला कुलगुरू लॅबमध्येच येणार, असं ठरलं. त्या सकाळी मी हट्टाने ताजं सीरम आणून फ्रीजमध्ये ठेवलं. सर कुलगुरूंसमोरच प्रयोग करून दाखवणार होते.

सरांनी फ्रीज उघडून सीरमची बाटली माझ्या हातात दिली. “ही ठेव बाहेर. या वेळी आम्रखंड आहे.”