स्वखुशीचं लेबल

तपासनीस साहेबांनी सुकडीचा पुडा उलटा धरला आणि त्यावरचं लेबल मोठ्याने वाचून दाखवलं. "गहू, हरभरा, शेंगदाणा, गूळ. प्रथिने अठरा ग्रॅम. उष्मांक तीनशे ऐंशी. वा!"

शाळेच्या ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर साहेब, शिंदखेड्याहून जीपने आलेले. दुसरीवर शालिग्राम शेठ, दोंडाईच्याला ज्यांच्या कारखान्यात ही सुकडी व्हायची आणि तिथून शाळाशाळांत जायची. मुख्याध्यापक धनसिंग गुरुजी उभे होते, कारण तिसरी खुर्ची मोडकी होती. पोरांसाठी ही सुकडी शिजवणारी द्रौपदाबाई पातेल्याजवळ खाली बसली होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"कायद्याचं काही बंधन नाही, साहेब," शेठ म्हणाले. "आम्ही स्वखुशीनं छापतो. लेकराच्या पोटात काय जातंय ते कळायला नको?"

साहेबांना भरून आलं. अशा माणसांना लवकर भरून येतं. हे आकडे शेठनी मेहुण्याच्या घरातल्या बाळदुधाच्या डब्यावरून उतरवून घेतले होते. उतरवताना तळाची ओळही तशीच आली होती, 'वापरण्यापूर्वी बाटली उकळून घ्यावी.' साहेबांनी तीही वाचली.

"स्वच्छतेचासुद्धा विचार केलाय तुम्ही," ते म्हणाले.

शेठनी मान खाली घातली. विनय त्यांना चांगला जमायचा.

पण साहेब काही लेबल वाचायला आले नव्हते. दोन महिने पोरं सुकडी ओतून देत होती, तसं गुरुजींनी वर कळवलं होतं. शेठनी लगेच उत्तर पाठवलं, माल उत्तम आहे, शिजवणाऱ्या बाईत खोट आहे. आता बाई ठेवायची की काढायची, हे आज ठरायचं होतं. अकरा वर्षं ती या शाळेची चूल पेटवत होती. तिच्या घरची चूल त्याच पगारावर पेटायची, आणि ही गोष्ट त्या ओट्यावर तिच्याशिवाय कोणाच्या डोक्यातही नव्हती.

"काय गं, नीट शिजवत नाहीस का?" साहेबांनी विचारलं.

"शिजाडस ना, साहेब. पन यान्हामा शेंगदाणा नही शे. टरफलं शेतस. पोरेसना गळाले टोचस."

"लेबलवर शेंगदाणा लिहिलाय."

"लिखेल व्हई. तुम्ही चाखी देखा."

तिने पळीभर सुकडी थाळीत वाढून पुढे केली. करडा रंग, वर तुसाचा थर. साहेबांना आठवलं की आज मंगळवार आहे आणि त्यांचा उपवास आहे. शेठची दाढ ठणकायला लागली. गुरुजी म्हणाले, मी आत्ताच जेवून आलो. थाळी तशीच राहिली आणि तिच्यावर एक माशी बसली. तीही फार वेळ थांबली नाही.

"मांगला महिनामा, नवा माल येवाना पहिले, सुकडी सरनी व्हती," द्रौपदाबाई म्हणाली. "मी घरनी जवारीन्या कण्या रांधी आन्यात. मन्ह्याच हातन्या. पोरेसनी पातेलं चाटी टाकं. इचारा गुरुजीले."

गुरुजींनी खांबाकडे पाहिलं. पत्र लिहिण्यात त्यांचं सगळं धैर्य संपलं होतं.

"कण्यांवर लेबल होतं का?" साहेबांनी विचारलं.

"नही."

"मग त्यांत काय होतं, हे कशावरून कळणार?"

शेठ हसले. द्रौपदाबाई उठली, पदर खोचला आणि कोठाराचं दार उघडलं. "आठे या, साहेब. एकदाव देखी ल्या."

आत खाकी कागदाचे पुडे भिंतीला लावून रचले होते. खालच्या चार थरांवर एकही लेबल शिल्लक नव्हतं. उंदरांनी ती कडेपासून नीट कुरतडून संपवली होती, खालच्या खाकी कागदासकट. पुड्यांना भोकं पडली होती आणि आतली सुकडी फरशीवर सांडून तिचे ढीग झाले होते. ढिगांच्या कडेने उंदरांच्या पावलांची रांग दिसत होती. ढिगात मात्र एकाही उंदराने तोंड घातलं नव्हतं.

साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "लेबल कशानं चिकटवता?"

"खळीनं," शेठ अभिमानाने म्हणाले. "बाया रोज ताजी शिजवतात. मैदा एक नंबर वापरतो आम्ही. त्यात कधी काटकसर केली नाही."

"हाईच सांगी ऱ्हायनू मी," द्रौपदाबाई म्हणाली. "उंदरेसनी खळ खादी. सुकडी नही खादी."

द्रौपदाबाईला वाटलं, आता तरी यांना दिसलं असेल. गुरुजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते पहिल्यांदाच सरळ उभे राहिले.

साहेब बाहेर आले, खुर्चीवर बसले, आणि गुरुजींना शेरेबुक घ्यायला सांगितलं.

"लिहा," ते म्हणाले. "एक. माल लेबलप्रमाणे उत्तम आढळला. दोन. शिजवणारी बाई बदलावी. तीन. लेबल यापुढे खळीने न लावता बाभळीच्या डिंकाने लावावे, म्हणजे नासाडी होणार नाही."

गुरुजींनी तिन्ही ओळी लिहिल्या. अक्षर त्यांचं सुरेख होतं. साहेबांनी सही केली, शेठनी जीपकडे हात दाखवला.

द्रौपदाबाईने पातेलं उचलून ओट्याच्या कडेला उपडं केलं. मग पळी गुरुजींच्या हातात दिली आणि साहेबांकडे वळली.

"डिंकमा तर मैदापेक्षा जास्त ताकद शे, साहेब," ती म्हणाली. "आम्ही बाळंतीणले देतस. आते पोरेसले लेबलच वाटी द्या."