शिसपेन्सिली
“मुलीच्या रक्तात शिसं सापडलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थांबलेलं बोलणं परत येईलच असं नाही.” जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणाऱ्या भट्टीवर राबणारा बाप उसळला. “भट्टीच्या फाटकापाशीसुद्धा कधी नेली नाही हिला! आंघोळ केल्याशिवाय जवळ घेत नाही. अहो, घरातल्या शिसपेन्सिलीसुद्धा फेकून दिल्या मी!” “शिसपेन्सिलीत शिसं नसतं हो,” बाई म्हणाल्या. “मग आलं कुठून?” त्याने बायकोकडे पाहिलं. “तुम्ही रात्रपाळीला गेलात की ही झोपतच नाही,” ती कशीबशी बोलली. “मग तुमचा कामावरचा कालचा शर्ट देते हिला. धुतलेला चालत नाही. ‘बाबाचा वास नाही’ म्हणून रडायची, बोलत होती तेव्हा.” तिच्या मांडीवर मुलगी झोपली होती, करड्या शर्टाची बाही तोंडात धरून. त्याने बाही ओढली, तशी तिने झोपेतच दात आवळले.